नकाशातलं गुलाबी घर

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.४०
आजपासून रोजनिशी. रोज. न चुकता. कुणाला दाखवायला नाही, स्वतःसाठी.

कारण लाइट रेल, रस्त्यातल्या रुळांवरची छोटी गाडी. सध्या ती बाजारापर्यंत येते आणि तिथूनच शेपूट फिरवून परत जाते. आता ती पुलावरून शेजारच्या शहरापर्यंत न्यायची की नाही, यावर शहरात दोन तट पडलेत. मार्ग आमच्या गल्लीतून सुचवलाय. म्हणजे गल्लीत एक तरी जाणता माणूस हवा. लोक मला फ्रेमवाले म्हणून ओळखतात, पण आता पुढे यायची वेळ आली.

मुलगी त्या शहरात दिलेली. आज दोन बस बदलून पावणेदोन तास. लाइट रेलने बावीस मिनिटं. हिला म्हटलं, भाजी गॅसवर ठेवून लेकीला भेटून येशील. ही म्हणाली, गॅस बंद करून जाईन. हिला विनोद कळत नाही.

४ फेब्रुवारी
प्रकल्प कार्यालयातून मार्गाचा मोठा नकाशा मिळवला. दुकानाच्या काचेत लावणार. तयार फ्रेम चोवीस बाय छत्तीसची होती, नकाशा खालून चार बोटं जास्त. पट्टी मागे दुमडली. चाळीस वर्षांच्या धंद्यातलं तत्त्व आहे, चित्राने फ्रेमचं ऐकायचं असतं. हिने विचारलं, दुमडलंत त्यावर काय लिहिलंय. म्हटलं, छापखान्याचं नाव असेल.

नकाशात अख्खं शहर करडं आहे. फक्त आमची गल्ली गुलाबी. एक्केचाळीस घरं, आणि नाक्यावरचं पहिलं गुलाबी घर आपलं! खाली दुकान, वर आम्ही दोघं. वडिलांनी बांधलं तेव्हा इथे कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं म्हणे. आज सरकार रंग देतंय.

१० फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी १२
मोजणीवाले आले. तीन पायांची दुर्बीण. स्वयंपाकघरापर्यंत मोजलं. त्यातल्या वयस्काने छताकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, इथे किती जण झोपतात. म्हटलं, दोघं. त्याने लिहून घेतलं. चहा देऊ केला तर तिघंही नको म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता जिना उतरले. शिस्तीची माणसं.

जाताना भिंतीवर लाल रंगाने आकडा घातला, १. त्याभोवती गोल, गोलावर फुली. बाकीच्या घरांना २, ३, ४. पहिला नंबर आपला. हिने ओल्या फडक्याने पुसायचा प्रयत्न केला. रंग पक्का आहे.

१३ फेब्रुवारी
'विस्तार समर्थन समिती' स्थापन. अध्यक्ष मी. सचिव पद रिकामं. ही नको म्हणाली.

सह्यांची मोहीम. स्वतःची सही सर्वांत वर, मोठी. घरोघरी जाऊन काचेतला नकाशा दाखवला, गुलाबी म्हणजे प्राधान्य हे समजावलं. एक्केचाळीसपैकी अडतीस सह्या! शेजारच्या शिंप्याने तर वाचलंही नाही. म्हणाला, तुम्ही सांगताय म्हणजे विचार करूनच सांगत असाल. असा विश्वास कमवायला जन्म जातो.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. रात्री ९
शाळेच्या हॉलमध्ये जाहीर चर्चा. विरोधकांतर्फे निवृत्त मास्तर. म्हणाले, पुलावर बस वाढवा, पन्नासावा हिस्सा खर्च येईल. म्हणाले, शेजारच्या शहरालाही ही गाडी नकोय, त्यांना वाटतं आपण गर्दी घेऊन येऊ. शेवटी म्हणाले, नऊ मीटरच्या गल्लीत चौदा मीटरचा मार्ग कुठून मावणार, हे कुणी सांगेल का.

मी उठलो. म्हटलं, मनाची रुंदी वाढवा! टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत प्रकल्पाचे साहेब बसले होते, त्यांनी माझं नाव लिहून घेतलं. पूर्ण नाव. घर नंबरासकट.

मास्तरांची कीव आली. नाकाने कांदे सोलायची सवय, दुसरं काय.

२४ फेब्रुवारी. सकाळी ११.१५
गल्लीत भोक पाडायचं यंत्र आलंय. जमीन तपासतात. तासभर दुकानातल्या सगळ्या काचा एका सुरात वाजत होत्या. मग एकदम थांबल्या. ती शांतता काही बरी वाटली नाही. पण यंत्र बंद झालं की शांतता होणारच.

जिन्याच्या भिंतीला कोपऱ्यापासून तडा गेलाय. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, एवढंच. सोनेरी पट्टीची मोठी फ्रेम त्यावर टांगली. आत निसर्गचित्र. जिना शोभून दिसतो.

२७ फेब्रुवारी
नकाशाला काय लोकप्रियता! सकाळपासून कुणी ना कुणी काचेसमोर उभं असतं. आपल्या घरावर बोट ठेवतात आणि तसेच उभे राहतात. संध्याकाळी काचेवर बोटांचे ठसे, सगळे गुलाबी भागावर. मी रोज पुसतो. आज औषधवाल्याने नकाशाचा फोटो काढला आणि माझ्याकडे पाहून हसला नाही. चष्म्याचा नंबर वाढला असावा.

५ मार्च
शिंप्याने नवी कापडं घेणं बंद केलंय. विचारलं तर म्हणाला, एप्रिलनंतरचं कबूल करणं बरोबर नाही. आळशी झाला.

त्याच्या दुकानात संध्याकाळी आठ-दहा जण जमतात. मी उंबऱ्यावर गेलो की सगळे गप्प. एकाने कागद मांडीखाली सरकवला. मी ओळखलं. माझा सत्कार करायचा बेत आहे, अध्यक्षाला आधी कळू द्यायचा नाही. मीही काही दाखवलं नाही. हिला सांगितलं. म्हणाली, तुम्हाला खरंच तसं वाटतं का?

संकल्प: सत्काराचं भाषण आठ मिनिटांत बसवायचं.

९ मार्च, सोमवार
हिने माळ्यावरच्या ट्रंका खाली काढल्यात. जुने फोटो, लोकरीचे कपडे, मुलीची पाळण्यातली झबली. साफसफाई म्हणते. साफसफाई करताना वस्तू परत जागेवर ठेवायच्या असतात, हे सांगितलं. ही पुढची ट्रंक उघडायला लागली.

मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, मला गाडी नको, मी बसने येत जाईन, तुम्ही घर सांभाळा. म्हटलं, तुझ्या आईसाठीच तर चाललंय सगळं. ती म्हणाली, आईला विचारलंत का? फोन हिच्याकडे दिला. ही फोन घेऊन गच्चीत गेली. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

१४ मार्च, शनिवार. दुपारी ४
मास्तर दुकानात आले. बसले नाहीत. म्हणाले, फ्रेमवाले, हा नकाशा एकदा मागून उघडा. मी म्हटलं, कशाला, समोरून सगळं स्वच्छ दिसतंय. ते म्हणाले, हातच्या कांकणाला आरसा कशाला, खिळे काढा आणि बघा.

काढले. चार बोटांची पट्टी सरळ केली. रंगांची सूची आहे. निळा: पाणी. हिरवा: मैदान. करडा: कायम राहणारी बांधकामे. गुलाबी: पाडावयाची बांधकामे.

मास्तर म्हणाले, हरकती घ्यायची शेवटची तारीख सत्तावीस. शुक्रवार, संध्याकाळी पाच. मालकाची सही लागते. एवढं बोलून गेले. टोमणाही मारला नाही. तो मारला असता तर बरं वाटलं असतं.

पट्टी परत दुमडली. फ्रेम बंद केली.

१५ मार्च. सकाळी ६
झोप नाही. पण डोकं एकदम साफ. विचार केला तो असा:
'पाडावयाची' लिहिलंय, 'पाडणार' नाही. सरकारी भाषेत फार फरक असतो.
दुसरं, अध्यक्षाचं घर कोण पाडेल? समितीचं कार्यालय तिथेच आहे.
तिसरं, आता मीच हरकत घेतली तर सदतीस घरांना तोंड कसं दाखवू? त्यांना मीच सांगितलं ना, गुलाबी म्हणजे प्राधान्य.

तिसरं खरं कारण नाही. पहिली दोन खरी.

शिंप्याला मात्र पट्टीचं सांगायला हवं. उद्या सांगतो.

१६ मार्च
शिंप्याला सांगायचं राहिलं. गिऱ्हाईक होतं. त्याच्याकडे नव्हतं, माझ्याकडे.

२० मार्च, शुक्रवार
हिने हरकतीचा अर्ज आणलाय. स्वतः भरलाय, निळ्या शाईत, एकही खाडाखोड नाही. घर किती सालचं, किती खोल्या, कोण राहतं. 'हरकतीचे कारण' या रकान्यात एकच ओळ, आम्ही इथे राहतो. खाली सहीची जागा मोकळी. घर वडिलांनंतर माझ्या एकट्याच्या नावावर, म्हणून माझी सही.

जेवताना तो ताटाशेजारी होता. मी वाचला. म्हटलं, कारण जरा भारदस्त हवं, मी लिहून देतो. ही म्हणाली, सही तेवढी करा. म्हटलं, करतो, घाई काय, आठवडा आहे.

तडा फ्रेमच्या बाहेर आलाय. मोठी फ्रेम लावायला हवी.

२५ मार्च
प्रकल्प कार्यालयातून फोन. शुक्रवारी दुपारी तीनला 'समर्थक नागरिकांचा गौरव'. मला पाच मिनिटं बोलायचंय. प्रमाणपत्रांच्या फ्रेमही माझ्याकडूनच हव्यात, अकरा. तिथे साहेबांना बाजूला घेऊन घराचं सांगेन. मोठ्या माणसाशी तोंडी बोललेलं अर्जापेक्षा जास्त चालतं. अर्ज करणारा लहान होतो.

२७ मार्च, शुक्रवार. सकाळी ८
ही म्हणाली, कार्यक्रमाच्या हॉलपासून कार्यालय चार इमारती सोडून आहे. अर्ज मी घेऊन जाते, तुम्ही चार वाजता या आणि सही करा. म्हटलं, येतो. म्हणाली, नक्की? म्हटलं, येतो म्हटलं ना.

इस्त्रीचा शर्ट. भाषण पाठ.

२७ मार्च. संध्याकाळी ७.३०
कार्यक्रम उत्तम. साहेब साडेचारला आले, त्यामुळे सगळंच पुढे गेलं. मधेच उठणं बरं दिसलं नसतं, माझी खुर्ची पहिल्या रांगेत होती. भाषण नऊ मिनिटं झालं. साहेबांनी हात मिळवला. घराचा विषय काढणार होतो, तेवढ्यात त्यांची गाडी आली.

हॉलच्या बाहेर आलो तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं. कार्यालयाला कुलूप. ही घरी पोचली होती, पोळ्या करत होती. म्हटलं, उशीर झाला. म्हणाली, हात धुवून घ्या.

अकरा फ्रेम केल्या होत्या, बारावं प्रमाणपत्र ऐनवेळी वाढलं. माझं प्रमाणपत्र गुंडाळीत आणलं.

३१ मार्च
काही घडलं नाही. गल्लीत सगळे नीट बोलतात. फार नीट बोलतात. शिंप्याच्या बायकोने हिला मिठी मारली, रस्त्यात, कारण नसताना.

१३ एप्रिल, सोमवार. दुपारी १
निकाल लागला. विस्तार मंजूर. जिंकलो!

पण गल्लीत फटाके फुटल्यासारखा आरडाओरडा झाला तो वेगळ्याच कारणाने. मार्ग सरकवलाय. आता तो गल्लीमागच्या मोकळ्या पट्ट्यातून जाणार. घरं वाचली. एक्केचाळीसपैकी चाळीस जणांनी हरकत घेतली होती, सदतीसांनी आपल्या सह्याही मागे घेतल्या होत्या. शिंपी धावत आला, माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, तुम्ही काचेत नकाशा लावला, मास्तरांनी त्यातल्या गुलाबीचा अर्थ सांगितला, म्हणून आम्हाला कळलं, नाहीतर आम्ही झोपेतच राहिलो असतो. मांडीखालचा कागद हरकतीचा होता. म्हणाला, तुम्हीही घेतली असेलच ना हरकत.

म्हटलं, हो तर.

मागच्या पट्ट्यातून गाडी मोठ्या रस्त्याला लागते ती आपल्या नाक्यावर. नवीन यादी कार्यालयाच्या दाराला लावलीय, चिकटपट्टीने. 'पाडावयाची बांधकामे.' खाली एक ओळ. घर क्रमांक १. शेरा: मालकाचे लेखी समर्थन प्राप्त. हरकत प्राप्त नाही.

१४ एप्रिल, मंगळवार. सकाळी ११
कार्यालयात गेलो. साहेब बैठकीत. क्लार्कला सांगितलं, मी अध्यक्ष. त्याने नोंदवही पाहिली आणि म्हणाला, मुदत संपली. सभ्य माणूस, आवाज चढवला नाही. म्हणाला, शेवटच्या दिवशी तुमच्याच घराचा अर्ज घेऊन एक बाई आल्या होत्या. पूर्ण भरलेला, फक्त सही नव्हती. मी त्यांना म्हटलं, मालक नसतील तर घेता येत नाही. त्या म्हणाल्या, ते येतायत. चारला आल्या, त्या बाकावर बसल्या. पाचला दिवे बंद केले तरी उठल्या नाहीत. मी दहा मिनिटं जास्त थांबलो. शेवटी म्हटलं, बाई, आता मला जाऊ द्या.

दुपारी २
घरी आलो. ही ट्रंका बांधत होती. माझ्या अवजारांची वेगळी पेटी केलीय तिने. काच कापायचा हिरा, पक्कड, हातोडी, सगळं फडक्यात गुंडाळून.

मी विचारलं, माझी सही तू पस्तीस वर्षं बघतेयस. तूच का नाही केलीस?

ही म्हणाली, करता आली असती. पेन काढलंही होतं. पण तुम्ही येतो म्हणाला होतात.