फळीवरची कळशी

१२ जानेवारी, रविवार
डबा भरला! माझी बायको एस्तर वारली, त्याला दोन महिने झाले. पण भात टाकण्याआधी गरिबासाठी एक मूठ तांदूळ बाजूला काढायची तिची रीत मी मोडली नाही. आता त्या डब्याचं करायचं काय? दर महिन्याला पिशवी भरून ती कुणाकडे न्यायची, मी कधी विचारलं नाही. तांदळाला कीड लागेल. सकाळपासून दोनदा झाकण उघडून पाहिलं.

१३ जानेवारी
शेजारच्या श्रुतिकाला विचारलं. हसली. "काय ओ बाबा, नदीपलीकडं वाडीत जायच्या काकी. ठकूबाईकडं. तुम्हाला नाय ठाऊक?"
ठकूबाई! दुसरं कुणी मिळालं नाही तिला?
जेवण गेलं नाही.

१४ जानेवारी
लिहूनच टाकतो. ही वही कोण वाचणार आहे!
आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. ठकूबाई आमच्या परसात लाकडाची मोळी टाकून गेली आणि विहिरीच्या काठावरची तांब्याची कळशी दिसेना. मी भरतच्या चहाच्या टपरीवर, दहा माणसांदेखत, तिला चोर म्हटलं. त्या दिवसापासून आमच्या आळीत तिची मोळी कुणी घेतली नाही. अजून घेत नाहीत.
दोन वर्षांनी विहीर आटली. गाळ काढायला मीच उतरलो. कळशी गाळात!
एस्तरनं ती चिंच लावून घासली, फळीवर ठेवली. मला एका शब्दानं बोलली नाही. मीही कुणाला बोललो नाही.

१७ जानेवारी
पिशवी घेऊन नदीच्या पुलापर्यंत गेलो. गुडघा दुखला म्हणून परत आलो. — नाही, दुखला नव्हता.

१९ जानेवारी, रविवार
महाडला चर्चमध्ये उपासनेला गेलो. पाळकसाहेब म्हणाले, दान करायचं ते गुपचूप करा. मला केवढं बरं वाटलं! पिशवी तिच्या दारात ठेवायची नि निघून यायचं. कुणाशी बोलायला नको.
येताना एसटीत मात्र जीव थाऱ्यावर राहीना. गरिबाला दिलं ते प्रभूला पोचलं, असं एस्तर म्हणायची. मग गरिबाला चोर म्हटलं ते कुणाला पोचलं?

२३ जानेवारी
गेलो. गुपचूप कसलं — ती दारातच बसलेली, सुकट निवडत. केस पांढरे झालेत.
"या बाबा. बाई गेल्या ते कळलं. मातीला यायचं होतं, पण तुमच्या आळीत मला कोण येऊ देतंय?" मग पिशवी बघून म्हणाली, "एवढी वर्सं बाईंच्या हाती तांदूळ धाडलेत, आज सोता घेऊन आलात!"
मी धाडले? मी?
"दर खेपेला सांगायच्या ना! ठकू, ह्यांनी धाडलेत. तुला बोलले त्याची लाज वाटते, म्हणून तोंड दाखवत नाहीत. मी म्हटलं, असू दे. लाजतो तो माणूस वाईट नसतो."
तिनं पिशवीत हात घातला. "अगो बया! किडे झालेत की! बाई निवडून आणायच्या हो." आणि हसली, तोंडात एकही दात नाही.
पानात बांधून मूठभर सुकट दिली. नको म्हटलं तर रागावली. मी निघालो तशी मागून म्हणाली, "बाबा, ती कळशी गावली का ओ कधी?"
"नाय," मी म्हटलं.

२४ जानेवारी
सुकट तशीच पडली आहे. खाववत नाही, टाकवत नाही.
एस्तर माझ्यासाठी खोटं बोलली. मीही बोललो. दोन्ही सारखी नाहीत!

२५ जानेवारी
कळशी काळी पडली होती. घासली. भर दुपारी हातात धरून रस्त्यानं निघालो — झाकली नाही. टपरीवरनं भरत ओरडला, "काय बाबा, नवी घेतली काय?"
"तीच ती," मी म्हटलं. "माझ्याच विहिरीत होती. सहा वर्षं मला ठाऊक हाय."
मी पुलाकडे चालू लागलो.