खांबेट्यांची निळी अळंबी

१२ ऑक्टोबर १९८३, बुधवार

पुन्हा रोजनिशी सुरू. नियम तीन. रोज लिहायचं, मोजकं लिहायचं, इतरांच्या मूर्खपणावर शाई खर्च करायची नाही.

डेनिसने पहाटे नळ उघडा टाकला. मूर्ख.

डेनिस वसईचा. हॉटेलच्या स्टोअरमध्ये बटाट्याची पोती मोजतो. मी त्याच हॉटेलचा गार्डन सुपरवायझर, बी.एस्सी. अ‍ॅग्री, फर्स्ट क्लास, पुणे. दोघांना मिळून इथे बहारीनमध्ये, नईम वस्तीतली एक खोली. हॉटेलला माणसांची पारख किती, ते यावरून कळावं.

आज पर्सोनेलची नोटीस लागली. माहूज वस्तीतला एक फॅमिली फ्लॅट रिकामा होतोय, फॅमिली व्हिसासकट. सुपरवायझर ग्रेडच्या कोणालाही अर्ज करता येईल. फॉर्मला लग्नाचा दाखला जोडायचा, त्यावर एम्बसीचा शिक्का. मुदत ३० नोव्हेंबर. डेनिस दोन फॉर्म घेऊन आला, एक मला दिला. म्हणजे बटाटे मोजणाराही सुपरवायझर ग्रेडमध्ये! असो. बायको मेधा आणि लेक हेमा चार वर्षं पुण्यात आहेत. आता येतील. फॉर्म उद्या भरतो.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

सुटी. पाच शर्ट धुतले. इथल्या खाऱ्या पाण्यात पांढरा शर्ट महिन्यात पिवळा पडतो. लाँड्रीवर माझा विश्वास नाही. मी पुण्याहून निघताना मेधाने नीळ बांधून दिली होती, चिमूटभर घाला म्हणाली. चिमटीने जगणारी माणसं वेगळी. मी अर्धी पुडी घालतो आणि हातानेच ढवळतो. आमच्या इंग्रज जीएमचा शर्टसुद्धा माझ्यापुढे मळका दिसतो.

डेनिस म्हणाला की तुमचा शर्ट निळा दिसतोय, खांबेटेसाहेब. डेनिस खाकी घालतो. त्याच्याशी काय बोलणार.

निश्चय: यापुढे रोज पहाटे एक शर्ट, ड्यूटीआधी.

फॉर्म भरायचा राहिला. पेन सापडेना.

२३ ऑक्टोबर, रविवार, दुपारी २

हॉटेलच्या स्विमिंग पूलमागच्या लॉनला गेल्या महिन्यात सलमाबादच्या गोदामातलं शेणखत घातलं होतं. तिथे आज अळंबी उगवली. सात. टोपी सोनेरी, मध्ये गडद, कडेला फिकट. देठ पांढरा, गळ्याशी पातळ पापुद्र्याचं कडं.

माझा माळी अलीमियाँ खुरपं घेऊन निघालाच होता. अडवलं. "साब, कुत्ते की छतरी है," म्हणे. फर्स्ट क्लास आणि माळी यांच्यातला फरक हा.

एका गोऱ्या पाहुण्याने खोलीत विसरलेलं अळंबीचं पुस्तक हाऊसकीपिंगने मला दिलं होतं, ते काढलं. पान १३८, सिलोसायबी क्युबेन्सिस. वर्णन तंतोतंत. शेणावर उगवते. खाल्ल्यावर रंग दिसतात, भिंती श्वास घेतात. आणि मुख्य खूण, जखम झाली की तिथे निळी पडते.

उद्या ड्यूटीवर पोचल्या पोचल्या चिमटून बघायची.

२४ ऑक्टोबर, सोमवार, सकाळी ६.२०

निळी पडली!

अंगठा आणि तर्जनी जिथे टेकली, बरोबर तिथेच. पुस्तक म्हणतं थोडा वेळ लागतो. माझी ताबडतोब पडली. म्हणजे ही साधी क्युबेन्सिस नव्हेच. नवी व्हरायटी. नाव: सिलोसायबी क्युबेन्सिस, व्हरायटी खांबेटियाना.

दुपारी ३: जेवून, हात धुऊन पुन्हा चिमटली. काही नाही. याचा अर्थ ही फक्त सकाळी निळी पडते. हे पुस्तकातसुद्धा नाही. एका दिवसात दोन शोध.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

अलीमियाँला चिमटायला लावली. निळी पडली नाही. डेनिस स्टोअरमधून आला, त्यानेही दाबून पाहिली. नाही. मग मी बोट लावलं. निळी! दोघं माझ्याकडे बघतच राहिले. अडाणी हाताला ती दाद देत नाही.

डेनिस म्हणाला की वसईला पावसात ते वारुळावरची अळंबी काढून आणतात, पण शेणावरच्या या छत्रीला कोणी विचारत नाही. विचारणार कोण? वसईत फर्स्ट क्लास कुठे आहे?

लॉनच्या त्या भागाला दोरी बांधली, पाटी लावली. पाणी आणि कापणी बंद.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

पुस्तकाचं प्रकरण संपवलं. मेक्सिकोच्या डोंगरातले लोक असली अळंबी पवित्र मानतात. रात्री दिवे मालवून एक जाणती बाई ती खाते, आजाऱ्यालाही देते, उजाडेपर्यंत मंत्र गाते. मग अळंबी बोलते आणि रोगाचं कारण सांगते. स्पॅनिश पाद्र्यांनी बंदी घातली, छळ केला. लोक चोरून खात राहिले.

पाद्री मूर्ख, कारण त्यांना निळ्या रंगाचं शास्त्र कळलं नाही. डोंगरातले लोक मूर्ख, कारण चारशे वर्षं खाऊनही एकाने नाव लिहून ठेवलं नाही. आणि जाणत्या बाईचं कौतुक कशाला? आमच्या आत्याबाई काहीही न खाता उजाडेपर्यंत बोलायच्या.

एक गोष्ट मात्र पटली. अळंबी सगळ्यांपुढे उघड होत नाही, माणूस निवडते, असं ते मानतात. अलीमियाँला आणि डेनिसला ती का निळी पडली नाही, ते आता कळलं.

१ नोव्हेंबर, मंगळवार

डेनिस चर्चला जाऊन आला. पुस्तक चाळत बसला, परवानगी न घेता. क्युबेन्सिसला मेक्सिकोत सान इसिद्रो म्हणतात हे वाचून उडालाच. म्हणाला की हा तर आमचा संत इसिदोर, शेतकऱ्यांचा. त्याच्या घरी तसबीर आहे, संत प्रार्थना करत बसलाय आणि त्याच्या वाटचं शेत देवदूत नांगरतोय. मी म्हटलं, दुसऱ्याच्या श्रमावर पगार घेणारा हा कसला संत. तो म्हणाला की अलीमियाँ पण असंच काहीतरी म्हणत होता. त्याला काय म्हणायचं होतं ते कळलं नाही.

मग त्याने फॉर्मबद्दल विचारलं. म्हटलं, भरतोय.

४ नोव्हेंबर, शुक्रवार, लक्ष्मीपूजन

पहाटे शर्ट. अभ्यंगस्नान. मग लगेच हॉटेलवर, अळंबीचे फोटो. कॅमेरा डेनिसचा, पांढरी ताटली डेनिसची, मापासाठी शेजारी माझी फूटपट्टी. मांडणी मात्र सगळी माझ्या हाताने. डेनिसने फक्त बटण दाबलं, तेवढं जमतं त्याला.

निश्चय: शास्त्रासाठी एक तुकडा स्वतः खाऊन अनुभव नोंदवायचा. आज दिवाळी म्हणून नाही.

६ नोव्हेंबर, रविवार

एम्बसीच्या शिक्क्यासाठी अर्धा दिवस रजा घेतली होती. पण फोटो आजच धुऊन मिळणार होते, आणि स्टुडिओ दुसऱ्या टोकाला, बाब अल बहारीनच्या बाजारात. प्रश्न महत्त्वाचं काय याचा आहे. शिक्का कधीही मारता येतो.

फोटो अप्रतिम. कॉलेजात प्लँट पॅथॉलॉजी शिकवणाऱ्या आमच्या सरांना रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले, वर्णनासह.

मेधालाही लिहिलं. आता फ्लॅट माहूजचाच काय, कुठलाही मागता येईल, जगात नाव होणाऱ्या माणसाला हॉटेल नाही म्हणत नसतं. तेव्हा शाळेतल्या नोकरीचा राजीनामा आत्ताच देऊन टाक, महिन्याची नोटीस असते. हेमाला सांग, स्विमिंग पूल आहे.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

अनुभव आज घ्यायचा होता. अ‍ॅसिडिटी.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

अनुभव पुढे ढकलला. असलं काही खाल्ल्याचं कळलं तर इथे सरळ विमानात बसवतील, असं डेनिसने उगाच सांगितलं. मी घाबरत नाही. पण शोध लावणाऱ्याने स्वतः खाल्लंच पाहिजे असं कुठे आहे?

टाइम ऑफिसने बोलावलं. हजेरीच्या रजिस्टरवर माझ्या सहीपाशी रोज डाग पडतो म्हणे. रजिस्टरचा कागद हलका आहे. तसं सांगून आलो.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

पहिली सात सुकली, नवी चार आली. चारही निळी पडतात, सकाळी.

डेनिसचा दाखला एम्बसीतून आला. म्हणाला की उद्या मला पासपोर्टच्या कामाला तिथे परत जायचंय, तुमचाही दाखला द्या, दोन्ही कामं करून येतो. माझी कागदपत्रं बटाटेवाल्याच्या हाती द्यायची? नाही म्हटलं.

३० नोव्हेंबर, बुधवार

सकाळपासून सरांच्या पत्राची वाट. पोस्टबॉक्सवर तीन खेपा. संध्याकाळी पर्सोनेलमध्ये गेलो, खिडकी बंद. चार वाजता बंद होते म्हणे. कारकुनाला म्हटलं, उद्या घे. तो म्हणाला, "खलास."

कारकुनाच्या खलास म्हणण्याने काही खलास होत नसतं. सरांचं पत्र आलं की सरळ जीएमपुढे ठेवीन. फॉर्मबिर्म लागणारच नाही.

३ डिसेंबर, शनिवार

जीएमने बोलावलं. सोळा तारखेला, नॅशनल डेला पूलमागच्या लॉनवर तीनशे पाहुण्यांची पार्टी आहे, आणि मधोमध गुडघाभर गवत, दोरी आणि पाटी. त्याने विचारलं की तिथे साप निघालाय का. मी खांबेटियानाबद्दल सविस्तर सांगितलं. मेक्सिकोही सांगितलं. तो माझ्या हातांकडे बघत होता. लेखी समज मिळाली.

इंग्रज कसा काय साम्राज्य चालवत होता, हे एक कोडंच आहे.

दुपारी अलीमियाँने सगळं कापलं. माझ्याकडे बघून हसला असावा. एक अळंबी बरणीत वाचवली आहे. काळी पडत चालली.

६ डिसेंबर, मंगळवार

सरांचं पत्र. चार ओळी. लिहितात की अळंबी कोणती हे फोटोवरून सांगता येत नाही. मात्र ज्या निळ्या खुणांचं आपण वर्णन केलं आहे, त्या ताटलीच्या काठावर आणि फूटपट्टीच्या सात इंचापाशीही स्पष्ट दिसतात. ताटलीलाही जखम झाली होती काय?

म्हातारे झाले. माणसाला पेन्शन वेळेवर द्यावी ती यासाठी.

निष्कर्ष: डेनिसची ताटली हलक्या प्रतीची. रंग शोषून घेते.

१० डिसेंबर, शनिवार

फ्लॅट डेनिसला मिळाला. मुदतीत पूर्ण अर्ज एकच आला होता. तो खोलीत आला, स्टोव्ह पेटवला. मग चहा केला, माझा आधी दिला, आणि सांगितलं. त्याची बायको मॅगी जानेवारीत येईल. मी अभिनंदन म्हटलं. चांगलं म्हटलं गेलं नाही.

रात्री जेवलो नाही. मेधाने एव्हाना राजीनामा दिला असेल. बारा वर्षांची नोकरी. मी सांगितलं म्हणून.

१३ डिसेंबर, मंगळवार

मेधाचं पत्र. उघडायला धीर होईना. डेनिस चर्चच्या गाण्यांना गेल्यावर उघडलं.

राजीनामा दिलेला नाही. लिहिते की तुमचं पत्र वाचलं आणि आधी व्हिसाचा कागद हातात येऊ दे म्हटलं. अकरा वर्षं ओळखते तुम्हाला. रागावू नका. हेमाला काही सांगितलेलं नाही, स्विमिंग पूलचं तर नाहीच, ती उगाच वाट बघत बसते. चार वर्षांत ती उंच झाली आहे, दिवाळीचा फ्रॉक आखूड पडला.

खाली ता. क. आहे. नीळ फार होते आहे. तुमच्या मागच्या तिन्ही पत्रांवर बोटं उठली आहेत. चिमूटभर सांगितली होती.

पत्र धरलेल्या हाताकडे बघितलं. मग ही रोजनिशी मागे चाळली. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात, पान उलटतो तिथे, अंगठा आहे. चौदा ऑक्टोबरपासून.

मेधावर आधी रागच आला. अकरा वर्षं ओळखते म्हणजे काय? मग राग गेला आणि फार वाईट वाटलं. तिने माझं ऐकलं नाही म्हणून आज तिची नोकरी शाबूत आहे.

१७ डिसेंबर, शनिवार

काल पार्टी झाली. लॉन चांगलं दिसत होतं. जीएमने अलीमियाँचा हात हातात घेतला. मी बाजूला उभा होतो.

डेनिसने सामान बांधायला घेतलं. ताटल्या वर्तमानपत्रात गुंडाळताना म्हणाला की माहूजला खोल्या दोन आहेत. मे महिन्यात वहिनींना आणि बेबीला व्हिजिटवर बोलवा, आमच्याकडे उतरा, मॅगीशी बोललोय मी. मी त्याला वर्तमानपत्राची पानं सुटी करून देत राहिलो. ती फूटपट्टी त्याने मला परत दिली. पुसून.

बरणी टाकून दिली. आज शर्टाला नीळ घातली नाही. पिवळट दिसतो. दिवसभरात कोणी काही म्हणालं नाही.

रात्री ९: साबणाने तीनदा हात धुतले आणि मेधाला पत्र लिहायला बसलो. तासाभरात एवढंच लिहून झालं आहे: फॉर्म भरायचा राहिला.