पुस्तकं घरोघरी आहेत, साहेब

आदरणीय भाऊजींना धाकट्या मेहुण्याचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? पट्टा शिवण बाहेरच्या बाजूला ठेवूनच बांधता ना? (मागच्या खेपेला उलटा बांधला होतात. डॉक्टरांच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.) ताईला सांगा, मिक्सर पुन्हा गुरगुरला तर कोणाला हात लावू देऊ नको, मी येऊन बघेन.

इकडे आम्ही सगळे ठीक. फक्त वाचनालयाच्या जिवावर बेतलं होतं. सरकारने ठरवलं की ज्या वाचनालयांना वाचक नाहीत त्यांचं अनुदान बंद. तुम्ही कॉलेजात शिकलात, तुम्हाला त्याचं काय! माझी शाळा आठवीत सुटली. मोटारीचं वाइंडिंग मी शिकलो ते तिथल्या खिडकीजवळच्या डुगडुगत्या टेबलावर (डुगडुगत होतं, पायाखाली पाचर मीच मारली). ते टेबल गेलं तर पुढचा मेकॅनिक कुठे बसून शिकणार? म्हणून तपासणीला साहेब येणार असं कळताच मी कंबर कसली. गल्लीत दारोदार फिरलो आणि प्रत्येकाला बजावलं, साहेब यायच्या आत जा आणि पुस्तकं घेऊन या. माझं म्हणणं लोक ऐकतात, हे तुम्हाला माहीत आहेच. या वेळी जरा जास्तच ऐकलं.

साहेब आले तेव्हा कपाटं रिकामी. उरले होते फक्त सरकारी अहवाल, त्यांना कोणी हात लावला नव्हता. ग्रंथपालबाई माझ्याकडे बघेनात. साहेबांनी विचारलं, "पुस्तकं कुठायत?" मी छाती काढून म्हटलं, "वाचकांकडे." "आणि वाचक?" "घरी. वाचतायत." "म्हणजे इथे पुस्तकंही नाहीत आणि वाचकही नाहीत," असं म्हणून त्यांनी पेनाचं टोपण काढलं. भाऊजी, जळकी मोटार मी नुसत्या वासावरून ओळखतो. पण आपलंच वाइंडिंग जळाल्याचा वास त्या दिवशी पहिल्यांदा आला.

मी म्हटलं, साहेब, टोपण लावा, वाचनालय बघायचंय ना, मग चला, ते गल्लीत आहे. रात्रपाळी करून आलेल्या नर्सने दार किलकिलं केलं आणि "दोन पानं राहिलीत, मग या" म्हणून लावूनही घेतलं. न्हाव्याच्या दुकानात तर कहर. न्हावी खुर्चीमागे उभा राहून रहस्यकथा मोठ्याने वाचतोय, गिऱ्हाइकाच्या एका गालावर साबण वाळलाय, आणि बाकावर कसलीही दाढी वाढलेली नसलेली मंडळी दाटीवाटीने बसलीयत. साहेबांनी पुस्तक तपासायला मागितलं तर साबणवाला खेकसला, "ओ, गप बसा तिकडे! आत्ताच कुठे विष सापडलंय!" साहेब बसले. (बाकाचं डावं टोक खचलेलं आहे, मी त्यांना उजवीकडे बसवलं.) त्यांना शोधत ड्रायव्हर आला, तोही बसला.

पहिला भाग संपल्यावर साहेब म्हणाले, वाचक पटले. पण नियमाप्रमाणे पुस्तकं कपाटात दिसली पाहिजेत. सोमवारी परत येतो, सगळी जागेवर असली तर अनुदान चालू ठेवा असं लिहितो. तेव्हापासून लोक पुस्तकं परत आणतायत आणि लगेच दुसरी मागतायत. "सोमवारनंतर या हो," असं बाईंना हात जोडून सांगावं लागतंय. आजवर त्यांना कधी कोणाला नाही म्हणायची वेळ आली नव्हती. म्हणताना चेहरा मात्र खुललेला असतो. मला वाटतं भाऊजी, वाचनालय टिकणार.

ताईला नमस्कार, गुडघ्याला विश्रांती.

तुमचा मेहुणा

ता. क. कपाटं भरली, पण एका जागी अंगठ्याएवढी फट आहे. ती त्या रहस्यकथेच्या दुसऱ्या भागाची. मागच्या खेपेला प्रवासात वाचायला म्हणून माझ्या कार्डावर नेलात, तोच. सोमवारच्या आत पाठवा. खरं तर पत्र एवढ्यासाठीच लिहिलं.

आणखी एक. खुनी कोण ते कोणालाही कळवू नका, मलासुद्धा नाही. माझ्या तोंडून निसटलं आणि साहेबांच्या कानावर गेलं, तर सोमवारी ते कशाला येतील?