माणुसकीचे दहा गुण

शनिवार, ७ मार्च
पुन्हा तोच वाद. यंत्राचे अवयव किती बसवायचे?
खेळ आमचा टेबलावरचा. भविष्यातलं शहर, प्रत्येकाचं एक पात्र, एक कागद आणि मूठभर फासे. सूत्रधार मी. माझा नियम साधा आहे — प्रत्येक पात्राला माणुसकीचे दहा गुण. एक अवयव बसवला की एक गुण गेला. शून्य झालं की कागद माझ्याकडे, पुढे ते पात्र मी चालवते. यंत्र म्हणून. दिवसभर विमा कचेरीत नियम दाखवून लोकांना नाही म्हणते, शनिवारी घरी फुकट म्हणते.
आमच्यात एक दातांचे डॉक्टर खेळतात. त्यांचं म्हणणं, दातांना गुण कापू नयेत. धंद्याला बाधा येते म्हणे. वहिनी तीन वर्षं खेळते आहे आणि अजून विचारते, कुठला फासा टाकू? ती दादावर लक्ष ठेवायला येते हे सगळ्यांना ठाऊक आहे.
दादाचं पात्र खिळ्या. हात, पाय, कान, जबडा, डावा डोळा, शेवटी घसा — असे नऊ अवयव झाले. उरलेला एक गुण दादा जिवापाड जपतो.

मंगळवार, १०
दादा लिफ्ट दुरुस्त करायला गेला आणि चक्कर येऊन तिसऱ्या मजल्यावर जिन्यातच बसला. हृदयाचे ठोके फार सावकाश पडतात. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, पेसमेकर बसवा, लांबवू नका. पुढची चक्कर लिफ्टच्या खड्ड्याच्या तोंडाशी आली तर —
लिहवत नाही.

बुधवार, ११
दादा नाही म्हणतो. "आज छातीत डबी, उद्या गुडघा. परवा मी उरलो किती? तुझाच नियम आहे."
म्हटलं, अरे, तो खेळ आहे.
"मग तीन वर्षं माझ्याशी भांडलीस कशाला?"


गुरुवार, १२
वहिनीचा फोन. "नियम तू केलास, तूच मोड."
दादाला कळवलं, गुणांची मर्यादा बारावर नेते. "लाच देतेस?" म्हणाला आणि फोन ठेवला. इतका सरळ माणूस घरात असू नये.

शनिवार, १४
खेळ झाला नाही. दादा दोन जिने चढून आला आणि सोफ्यावर आडवा झाला. वहिनी त्याच्या मनगटावर बोटं ठेवून बसली होती. मला राग आला — त्याचा, माझा, दहा या आकड्याचा. मला दादा हवा आहे. बाकी काही नको.
जाताना त्याचे फासे, कागद, पिशवी सगळं वहिनीनेच गोळा केलं. तो नुसता उभा होता.

शनिवार, २१
दादा हट्टाला पेटला. खिळ्याला आजच यंत्राचं हृदय बसवायचं. "जाऊ दे शेवटचा गुण. तो यंत्र कसा होतो ते बघा सगळे. मग मला विचारू नका."
दातांच्या डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे बेरीज केली. चष्मा पुसून पुन्हा केली. "अहो, दहा आधीच भरलेत. हा उजवा डोळा कुणी धरलाच नाही."
"उजवा? तो कधी बसवला?" दादा.
"डाव्याबरोबरच असेल. एकच डोळा कोण बसवून घेतं?"
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला काही आठवत नव्हतं. पण सूत्रधाराला तसं म्हणायची सोय नसते. म्हटलं, हो, बरोबर आहे.
म्हणजे घसा बसवला तेव्हाच खिळ्याची माणुसकी संपली. त्याला सव्वा वर्ष झालं. त्यानंतर खेळात तो एका कुत्र्यासाठी जळत्या पुलावर परत गेला. ज्याने त्याला पकडून दिलं होतं, त्याच्या उशाशी त्याचा जीव जाईपर्यंत बसून राहिला. नियमाने तेव्हा तो यंत्र होता. आम्हाला कुणाला पत्ता नाही!
दादाने कागद माझ्याकडे सरकवला. नियम म्हणजे नियम.
जिना उतरताना वहिनीला म्हणाला, "तारीख घे."

शुक्रवार, २७
पेसमेकर बसवला. खोलीत आणल्यावर दादाचं पहिलं वाक्य — "आता मला कोण चालवतंय?"
"मीच. नेहमीसारखी," वहिनी म्हणाली.
मी बाहेर जाऊन रडले. परत आले तेव्हा तो सलाईनच्या स्टँडचं चाक कुरकुरतं म्हणून नर्सकडे तक्रार करत होता.

रविवार, ५ एप्रिल
दादाच्या घरी खेळ ठेवला. खिळ्याचा कागद परत द्यायला घेऊन गेले. नियमात बसत नाही. तरीही.
वहिनीने दारातच तो हातातून घेतला, भिंतीवर टेकवला आणि खोडरबरने उजवा डोळा पुसून टाकला. "माझंच अक्षर," म्हणाली. वरचा चुरा फुंकला. "एक गुण उरला त्याचा."
मग आत जाऊन बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "कुठला फासा टाकू?"