महालक्ष्म्यांच्या आधी

प्रिय प्रणाली,

अनेक आशीर्वाद. सासऱ्याचं पत्र आलं म्हटल्यावर तू घाबरशील, म्हणून आधीच सांगतो, घरी सगळे धडधाकट आहेत. तुझ्या सासूचा गुडघा तेवढा बोलून राहिला, पण तो तुझ्या लग्नाच्या आधीपासूनच बोलतो. फोन मुद्दाम केला नाही. आपल्या घरात फोनवरचं बोलणं चौघांचं होऊन जातं. चंचल तुझ्याच लॅबमध्ये आहे, लोधीखेड्याहून रोज बोरगावला येते-जाते, म्हणून पत्र तिच्याच हाती दिलं.

तू गेलीस त्या सकाळी मी हॉटेलच्या गल्ल्यावर होतो. सौंसरच्या स्टँडवर इतकी वर्षं काढली की माणसाच्या चालीवरून ते गावाला चाललं की घर सोडून चाललं, हे समजतं. तू पायी आलीस, गळ्यात कंपनीचं कार्ड तसंच होतं. "बाबा, लोधीखेड्याला आईकडे जाऊन येते," एवढंच म्हणालीस. मी आलूबोंडे बांधून दिले, तू नाही म्हणाली नाहीस. मोठ्या माणसाला नाही म्हणणं तुझ्या स्वभावातच नाही. मागून कळलं की अंकुरनं तुझ्या स्कूटीची चाबी लपवली आणि तुझ्या साहेबाला परस्पर फोन करून सांगितलं की ती आता कामावर येणार नाही. तुला एका शब्दानं न विचारता. पोरगा माझा आहे, म्हणून जास्त लागलं.

आता घरात एकच विषय, महालक्ष्म्या. तुझी सासू मुखवटे पुसता पुसता म्हणते, "घरची लक्ष्मी माहेरी, अन् मी मखरात कोणत्या लक्ष्म्या बसवू? हळदीकुंकवाला बाया आल्या तं काय सांगू, सून कुठं गेली?" तिच्या डोळ्यांतलं पाणी खोटं नाही. मागच्या वर्षी लुगडी तू नेसवली होतीस, तशा निऱ्या तिला जमत नाहीत. पण तिचा भाऊ, आपले गुलाबमामा, त्यांच्या डोळ्यांत पाणी नाही. ते सोफ्यावर पाय घेऊन बसतात आणि हुकूम सोडतात, "भाऊजी, सणाच्या नावानं आणा. सणाला कोणती पोरगी अडून बसते?" अंकुरही फोनवर तुझी माफी मागून मोकळा झाला. चंचल म्हणाली, तुझं मन अर्धं तयार झालं आहे. खरं सांगतो, ऐकून मला बरं वाटलं होतं.

पण मंगळवारी अंकुर आणि त्याचा मित्र गौरव हॉटेलात फ्रीजच्या मागच्या टेबलावर बसले होते. गौरव चिडवत होता, "काय बे, माफी मागितली म्हणे? वहिनीसमोर नाक घासलं?" अंकुर हसला. म्हणाला, "माफीले काय लागते? एकदा महालक्ष्म्या उठू दे, मग कुठं कामावर जाऊन राहिली ते! चाबी माह्याजवळच हाय." कढईत भजी होती, ती काळी पडली तरी मला सुचलं नाही. रागात बोलला असता तर मी सोडून दिलं असतं, राग उतरतो. हा हसून बोलला. संध्याकाळी मी त्याला बाजूला घेतलं, तर मलाच म्हणतो, "बाबा, तुम्ही हॉटेल पाहा. नवराबायकोत पडू नका."

मी पडलो नाही, बेटा. पण जे कानावर आलं ते तुझ्यापासून लपवलं, तर मीही त्याच टेबलावर बसल्यासारखा होईन.

मी गिलास धुण्यापासून सुरुवात केली. पुढं माझ्याकडे किती कारागीर आले नि गेले. जो पहिल्या दिवशी म्हणतो, काहीही चालेल मालक, त्याला सगळे काहीहीच देतात. जो शांतपणे म्हणतो की हे जमेल आणि हे नाही जमणार, त्याला गिऱ्हाईकसुद्धा अरे-तुरे करत नाही. तू भांडू नको, शेजाऱ्यांत अंकुरला वाईटही बोलू नको. त्यानं तुझंच तोंड कडू होईल. पण तुझ्या आईबाबांना खरं सांग. आणि कामावर जा. चंचल म्हणते, साहेबानं तुझी जागा अजून भरली नाही, रोज विचारतात. जो नवरा कामाची बाई घरात पाहिजे म्हणून बोलावतो, त्याला बायको पाहिजे का, हे आधी कळू दे. ज्या तोंडानं अंकुरनं साहेबाला तू येणार नाहीस म्हणून सांगितलं, त्याच तोंडानं तुझ्यासमोर फोन लावून चूक झाली म्हणू दे. मग यायचं की नाही, ते तू ठरव.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. रविवारी तुला न्यायला मला पाठवून राहिले. गुलाबमामांनी मुद्दाम माझं नाव काढलं, "भाऊजींच्या शब्दाले सून नाही म्हणणार नाही." तेही गाडीत सोबत आहेत. मी गेलो नाही तर ते एकटे येतील आणि तुझ्या वडिलांच्या ओसरीवर आवाज चढवतील, म्हणून मी येतो आहे. सगळ्यांसमोर मला विचारावंच लागेल, "चलतेस का, बेटा?" तेव्हा माझ्या पिकल्या केसांकडे पाहू नको. नाही म्हण. तुझ्या वतीनं मीच म्हणू शकलो असतो, पण तुझ्या वतीनं एकदा एकजण बोलून बसला आहे, दुसरा नको. तू म्हटलंस की मी सर्वांना सांगीन, पोरगी बरोबर बोलली. मग तुझ्या आईच्या हातचा चहा घेईन आणि निघेन. रिकामी गाडी घेऊन येताना मला वाईट वाटेल. ते वाटू दे, त्याची काळजी तू करू नको.

तुझाच,
बाबा