मधाची म्हणून दिलेली बाटली

प्रिय दादास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिते खरी, पण कंबर धरल्यापासून निम्मीच अंगं वाकतात, बाकीची मनाने वाकली असं समज.) वहिनींचा गुडघा आता कसा आहे? त्यांना म्हणावं, जिना टाळा, दादाला टाळू नका. मुलं आमची आठवण काढतात का? काढत नसतील तर तसं कळवू नकोस. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. हे वाक्य पत्रात असावंच लागतं म्हणून लिहिलं आहे. पुढचं वाचून तुझं तू ठरव.

नानांच्या पंच्याहत्तरीला दोघांच्या वतीने काहीतरी उंची दे, पुन्हा शर्टाचं कापड देऊ नकोस, असं तू फोनवर सांगून मोकळा झालास. लांबून हुकूम सोडणं सोपं असतं. ज्या माणसाने साबणाच्या कारखान्यात सगळी नोकरी वासाच्या खात्यात केली, कागदाच्या पट्ट्या हुंगून कुठल्या वडीत गुलाब जास्त पडला ते सांगितलं, ज्याच्याकडे शेजारीपाजारी अजून दूध, तूप आणि (एकदा) कपाटामागचा मेलेला उंदीर घेऊन येतात, त्याला द्यायचं तरी काय? मग मला कारखान्यातल्या त्या पाहुण्याची आठवण झाली. त्याने नानांना कधीकाळी सिंगल माल्ट व्हिस्कीचा एक पेला पाजला होता, आणि त्या एका पेल्याचं पारायण आपण दर वाढदिवसाला ऐकलेलं आहे. अर्धा तास नुसता हुंगला म्हणे, मग ओठाला लावला. ठरलं. भेट नाकालाच द्यायची.

आता तुझी ही बहीण, जिने खोकल्याचं औषधसुद्धा नाक दाबून घेतलं, ती दारूच्या दुकानात शिरली. तुझा मेहुणा सोबत होता, पण दाराशीच थबकला. कोणी ओळखीचं बघेल म्हणून त्याला रस्त्याकडे पाठ करायची होती आणि मोह होईल म्हणून बाटल्यांकडेही, त्यामुळे बिचारा एका जागी गोल गोल फिरत राहिला. विक्रेता तरुण होता, अतिशय नम्र आणि अतिशय बोलका. एकाच भट्टीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीची केलेली आणि लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरवलेली ती सिंगल माल्ट, इतपत मला कळलं. पुढे तो एकेका बाटलीकडे बोट दाखवून तिच्यात काय काय आहे ते सांगू लागला. हिच्यात जुनं चामडं, हिच्यात ओलं लाकूड, तिच्यात सुकवलेलं संत्रं. मी विचारलं, हे सगळं आत घालतात? तो म्हणाला, घालत नाहीत मॅडम, येतं. दादा, वस्तू न घालता येते आणि त्याचे पैसे पडतात, हा धंदा आपण दोघांनी वेळेवर ओळखायला हवा होता.

मी मध आणि सफरचंदाच्या बाटलीशी येऊन थांबले. सौम्य वाटली, नानांच्या वयाला शोभेलशी. एवढ्यात शेजारी एक लोकरी टोपीवाले गृहस्थ येऊन उभे राहिले (निवृत्त भूगोलाचे मास्तर, हे नंतर कळलं, तेव्हा फक्त मास्तर असणार इतकं कळलं, कारण न विचारता शिकवू लागले). मध मुलांना द्या, म्हणाले, वडिलांना धूर द्या. घोट घेतला की विझलेल्या शेकोटीत बसल्यासारखं वाटलं पाहिजे. मी म्हटलं, तसं का वाटून घ्यायचं? यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नकाशात दक्षिण वर दाखवली होती. शेवटी मी मध घेतला, त्यांनी धूर घेतला, विक्रेत्याने दोन्ही बाटल्या एकसारख्या करड्या कागदांत वेगवेगळ्या बांधल्या, आणि आपापला मान राखून आम्ही बाहेर पडलो. तुझा मेहुणा चक्कर येऊन पायरीवर बसला होता.

वाढदिवसाला संध्याकाळी आम्ही नानांकडे गेलो. ते इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. तुझं नाव आधी घेऊन (बघ, मी किती सज्जन आहे) मी बाटली दिली. डोळे पाणावले त्यांचे. पेला काढला, पुसला, बोटभर ओतली. आणि मी, विक्रेत्याकडून पाठ केलेलं भाषण केलं: नाना, यात मध आहे, मागून सफरचंद येतं, आणि शेवटी किंचित बदाम.

दादा, बूच निघाल्याबरोबर खोलीभर जो वास सुटला तो मी तुला कसा सांगू? जळका दोरखंड, त्यावर जखमेला लावायचं औषध ओतलेलं. तुझ्या मेहुण्याने खोकला रुमालात दाबला. नाना मात्र डोळे मिटून, पेला नाकाशी धरून शांत बसले होते. कितीतरी वेळ. मग म्हणाले, "वा. मध. अगदी स्वच्छ मध. आणि मागून सफरचंद."

आधी मला माझ्याच नाकाची शंका आली. म्हटलं, जाणकारांचा मध असाच असेल. तुझा मेहुणा तर म्हणालाच, "मलाही मधच वाटतोय." (जावयाचं कर्तव्य.) मी विचारलं, "आणि बदाम?" नाना म्हणाले, "आहे ना. बदाम शेवटी येतो."

तुला ठाऊक आहे, मी दिवसभर लोकांचे कान तपासते. ज्यांना ऐकू येत नाही आणि तसं कबूल करायचं नाही, अशी माणसं माझ्यासमोर रोज बसतात. त्यांची एक रीत असते. आपलं वाक्य संपायच्या आत मान डोलावतात, आणि आपलाच शेवटचा शब्द जरा घासूनपुसून आपल्याला परत देतात. नातेवाइकांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही, आणि मी त्या नातेवाइकांना आतापर्यंत फार शहाणपण शिकवलेलं आहे. मी म्हटलं, "नाना, थोडी दालचिनीपण आहे ना?" असं काही नव्हतंच. कुठल्याच बाटलीत नव्हतं. मनात म्हणत होते, नाही म्हणा, नाना, मला मूर्खात काढा.

"आहे तर," ते म्हणाले. "दालचिनी आहे."

तुझ्या मेहुण्याला मी पाव आणायला पाठवलं. (पाव घरात होता. त्याला दिसतही होता. पण तो गेला, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते.) मग विचारलं, "नाना, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"नाक."

त्यांनी पेला खाली ठेवला. बराच वेळ टेबलाची कड पुसत राहिले. "हिवाळ्यात तो ताप आला होता ना," ते म्हणाले. "ताप गेला, जाताना हे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत. अजून तरी पत्ता नाही."

"आणि सांगितलं का नाहीत?"

"कोणाला सांगू? अख्खा जन्म नाकावर जेवलो मी. खालच्या बाई परवा दूध घेऊन आल्या. मी हुंगलं, चांगलं आहे म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेने डॉक्टर गाठला." मग म्हणाले, "माझ्यावर विश्वास ठेवून प्यायली ती."

मला हसू आलं, आणि ते आल्याची लाजही वाटली. नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि तेच आधी हसले. मग मी त्यांना बाटलीतलं खरं काय ते सांगितलं. ते ऐकून ते नाराज होतील असं वाटलं होतं. त्यांनी पेला उचलला, एक मोठा घोट घेतला, आणि घशाला हात लावून बसले. म्हणाले, "तरीच. जळतंय छान. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आत गेल्यासारखं वाटलं. जेवण म्हणजे नुसतं चावणं झालंय गं." मी स्वयंपाकघरात पाणी आणायला गेले, तेव्हा ओट्यावरचं दूध फाटलेलं होतं, त्याच दुधाची कॉफी त्यांनी दुपारी घेतली होती, आणि शेगडीचं एक बटण पुरतं बंद नव्हतं. बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. नानांना म्हटलं, उकडतंय.

दुसऱ्या दिवशी त्या टोपीवाल्या मास्तरांचा फोन आला (दुकानात माझा नंबर होता). आवाज घायाळ. म्हणाले, मी धूर म्हणून मध प्यायलो, मला न्याय पाहिजे. मी नानांचा पत्ता दिला. मास्तर उघडलेली बाटली काखेत घेऊन हजर झाले आणि नानांनी आपली बाटली परत द्यायला साफ नकार दिला. मी सोडवायला गेले तेव्हा दोघं समोरासमोर बसले होते. मास्तर नानांच्या पेल्यावर वाकून वर्दी देत होते, "आता समुद्र आला." नाना म्हणत होते, "आला असेल. बसायला सांगा." तडजोड अशी झाली, की दोन्ही बाटल्या नानांकडे राहतील आणि मास्तर येत जातील. ते येतात. दूध ते हुंगतात, निकाल नाना देतात, आणि खालच्या बाईंना अजून यातलं काही माहीत नाही. परवा दोघांत भांडण झालं, कारण मास्तर म्हणाले खोलीला बुरशीचा वास येतोय, आणि नाना म्हणाले, माझ्या घरात मला न विचारता वास घ्यायचा नाही.

तर अशी पंच्याहत्तरी पार पडली. भेट पसंत पडली, एवढं तू वहिनींना सांगायला हरकत नाही. मुलांना गोड पापा.

तुझी,
धाकटी

ता. क. गॅस गळला की वाजणारं एक यंत्र मिळतं. मी आणलं तर ती मुलीची कटकट होईल आणि अडगळीत जाईल. तू पाठवलंस तर ती परदेशातली वस्तू होईल आणि भिंतीवर लागेल. तेवढं लवकर पाठव. खरं तर पत्र त्याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

ता. क. २. तुला काही कळवणार नाही असं मी नानांना वचन दिलं आहे. तेव्हा फोनवर वासाचा विषय काढू नकोस. त्यांना तुझ्याकडे घेऊन जाण्याचाही काढू नकोस. त्याच भीतीने त्यांनी लपवलं असावं. हे पत्र त्यांच्याच टेबलावर बसून लिहिते आहे, ते मास्तरांबरोबर फिरायला गेलेत. पाकीट आणायला खाली जाऊन येते.

ता. क. ३. चि. मुलास, नानांचा आशीर्वाद. आम्ही फिरायला लांब गेलोच नाही, मास्तरांचे पाय दुखू लागले म्हणून परत आलो, तेव्हा ती दुकानात पाकीट घेत होती. टेबलावर पत्र उघडं होतं, वाचलं. यंत्र पाठव, लावीन. माझं बरं चाललंय. तिचं नाही. रोज संध्याकाळी येते, बटणं तपासते, हसतखेळत निरोप घेते, आणि मग खालच्या पायरीवर बसून रडते. तिला वाटतं मला वरून ऐकू येत नाही. हे तिने तुला लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. यंत्र टपालाने नको, घेऊन ये. ती पाकीट घेऊन आली, ते मीच बंद करतो.