काळजाची भिंत

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वडीगोद्रीत अजून कुणी ना कुणी तुमच्या शहाणपणाची आठवण काढतं. चहाच्या टपरीवर बसून अख्ख्या गावाचे निवाडे करणारा माणूस! ते शहाणपण आम्ही घरात जवळून पाहिलं. माझा तान्हा भाऊ अंगावर पिताना घामाघूम व्हायचा, त्याचे ओठ निळे पडायचे. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून विनवतेय, "जालन्याला दाखवून आणू हो." तुम्ही आरशासमोर मिशा विंचरताय. "एवढी जल्दी कायची? होईल बराबर." झालं नाही. त्याची माती करून आलात आणि ओसरीवर जमलेल्या बायामाणसांसमोर आईकडं बोट दाखवलंत. "पोटुशी असताना गिऱ्हाणात वांगे चिरीत बसल्ती ही. पोराचं काळीज हिनंच चिरलं." स्वतःचा आळस झाकायला तुम्हाला चंद्रसूर्य कामाला लावावे लागले, अण्णा. मरेपर्यंत ते बोट तुम्ही खाली घेतलं नाही.

मला दिवस राहिले तेव्हा जालन्याच्या सोनोग्राफीत काहीतरी वेगळं दिसलं, म्हणून संभाजीनगरला मोठ्या तपासणीसाठी पाठवलं. आई हट्टानं सोबत आली. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, बाळाच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या भिंतीला लहानशी पिशवी आलीय. फार क्वचित दिसतं असं. वाढली तर धोका आहे, नाही वाढली तर बाळ नीट राहू शकतं. मी काही विचारायच्या आत आईच बोलली, "हिनं गिऱ्हाणात काईच चिरलं न्हाई हो. मी होते हिच्याजवळ."

डॉक्टरबाईंनी हातातलं काम थांबवलं. "आजी, चिरल्यानं असं होत नाही. ग्रहणानंही नाही. यात आईची काही चूक नसते."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही."

"मंग अजून एक बार सांगा."

त्यांनी सांगितलं. आई तिथंच बाकावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. माझ्यासाठी नव्हे, ते मला कळत होतं. भावाला नेमकं काय होतं हे आता कुणालाच सांगता येणार नाही. तुम्ही ती सोयच ठेवली नाहीत.

पुढं प्रत्येक तपासणीला मी आधी पिशवीचंच विचारायचे. पिशवी वाढली नाही. पोरगी मोठ्या दवाखान्यात जन्मली, टाहो फोडून रडली, आणि गुलाबी ओठांनी दूध प्याली. मी तेवढे ओठच बघत राहिले. आता ती घरभर रांगते. अधूनमधून तिचं हृदय दाखवून आणतो. उशीर करत नाही. तुमच्याकडून एवढं एकच शिकले.

आई तुमच्या फोटोला अजून हार घालते. मी घालत नाही. हे पत्र तरी कुठं टाकू? जिवंत होतात तेव्हाही तुम्ही कुणाचं ऐकून घेत नव्हता. माफ तर मी तुम्हाला केलेलं नाहीच. पण पोरीचं कपाळ हुबेहूब तुमचं आहे, अण्णा, आणि रोज तिचा मुका घेते तो मी तिथंच.